अकरा सेकंदांचं विमान आणि तुमचा रिसर्च प्रश्न

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "विषय फार छोटा वाटतोय, चालेल का?" थेट उत्तर देण्याऐवजी आज एक गोष्ट सांगते.

१८ ऑगस्ट १८७१. पॅरिसमधली त्विलरी बाग. शेजारचा राजवाडा तीनच महिन्यांपूर्वी जळालेला. बागेत २१ वर्षांचा आल्फोन्स पेनो एक खेळण्याएवढं विमान घेऊन उभा आहे. पंखांचा विस्तार साधारण ४५ सेंटिमीटर, वजन १६ ग्रॅम, ताकद म्हणून पिळलेला रबर आणि मागच्या टोकाला पंखा. त्याने ते सोडलं. ते ११ सेकंद हवेत राहिलं आणि सुमारे ४० मीटर गेलं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तर त्याआधीचा एक प्रयत्न बघा. १८४८ मध्ये इंग्लंडमधल्या चार्ड गावी जॉन स्ट्रिंगफेलोने वाफेच्या इंजिनाचं मॉडेल तारेवरून पळवून सोडलं होतं. ते खरंच उडालं की सुटल्यावर नुसतं तरंगलं, यावर आजही वाद आहे. पेनोचं विमान मात्र जाणकारांसमोर उडालं, आणि सरळ राहिलं. सरळ का राहिलं, हेही त्याने लिहून ठेवलं.

त्याचं म्हणणं सोपं आहे. विमानाचं नाक जरा जड ठेवायचं. शेपटीची पुढची कड पंखाच्या मानाने थोडी खाली कलवायची; त्याने हा कोन साधारण ८ अंश ठेवला होता. मग उडताना हवा शेपटीला खाली दाबते आणि जड नाकाला तोलून धरते. नाक खाली गेलं की वेग वाढतो, शेपटीवरचा दाब वाढतो, नाक वर येतं. वेग कमी झाला की दाब कमी होतो, नाक खाली येतं, वेग परत मिळतो. पंखांची टोकं वर वळवली की विमान एका बाजूला कलंडलं तरी सावरतं. म्हणजे तोल कुणी सांभाळत नाही, तो रचनेतच असतो.

मी पहिल्यांदा थर्माकोलचं ग्लायडर केलं, तेव्हा नाकाला क्ले, शेपटीला घडी, पंखाला टेप, असं तिन्ही एकदम बदललं. ते मस्त उडालं! पण का उडालं, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी टेप निघाली आणि माझा "रिझल्ट"ही गेला. म्हणून तुम्ही करून बघाल तेव्हा हळूच, आडवं फेका. नाक वर करून थबकत, गचके खात खाली आलं तर नाकाला चिमूटभर क्ले वाढवा. सरळ खाली घुसलं तर काढा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फेक वहीत.

बरं, पेनो पहिला होता का? नाही. जॉर्ज केलीने १८०४ मध्येच हलवता येणारी शेपटी आणि सरकवता येणारं वजन लावून ग्लायडर उडवला होता. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना "पहिला कोण" एवढ्यावर थांबू नका. कुणी काय दाखवलं आणि पुढच्याला काय वापरता आलं, ते विचारा.

पुढे पेनोने माणसं वाहून नेणाऱ्या विमानाचा आराखडा केला, १८७६ मध्ये पेटंट घेतलं. पैसा मिळाला नाही. १८८० मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी दिलेलं उडतं खेळणं त्याच्याच रचनेवर बेतलेलं होतं. आणि गंमत म्हणजे मोठेपणी त्यांनी उलटी वाट धरली: तोल रचनेवर न सोपवता वैमानिकाच्या हाती दिला.

मोठं विमान पेनोला जमलं नाही. पण १६ ग्रॅमच्या मॉडेलमधून त्याने एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते दुसऱ्याला पुन्हा करून बघता येईल असं दिलं. तेव्हा विषय छोटा आहे याची काळजी सोडा. तुमचं ग्लायडर का उडतंय, ते सांगता येतंय ना, एवढं बघा.