पत्र कोणी वाचले?

दाखल्याच्या अर्जावर अंगठा उमटवणाऱ्या आईपुढे 'निरक्षर' असे लिहिताना आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांचा हात थबकतो. तिची मोठी मुलगी सातवीत आहे. विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी तीच वाचून दाखवते. ज्या घरात वाचणारे कुणीच नाही, तिथली आई आणि ही आई सारख्याच निरक्षर कशा?

जनगणनेच्या टक्केवारीत हा फरक दिसत नाही. 1881 आणि 1891 साली शिकणारे, साक्षर व निरक्षर असे तीन वर्ग होते. 1901 मध्ये दोनच उरले. 1911 मध्ये कसोटी ठरली ती पत्राची: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. पुढे कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणे म्हणजे साक्षरता, अशी व्याख्या रुळली. म्हणजे उर्दूही चालते. पण नुसते वाचता येऊन लिहिता न येणारा निरक्षरच. जन्मभर कुरआनचा नाजरा करणारी आपली नानी या हिशेबात बसली नाही.

2001 साली महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता 78.1 टक्के होती, राज्याची 76.9. आनंदच आहे. पण हे वाचणारे किती घरांत विखुरले आहेत, ते हा आकडा सांगत नाही. 1998 मध्ये कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी नेमके यावर बोट ठेवले. दोन गावांत निम्मे लोक साक्षर आहेत. एकात घरटी एक तरी वाचणारा, दुसऱ्यात निम्मी घरे पूर्ण कोरी. टक्केवारी एकच, पण दुसरे गाव अधिक अंधारात. पुढे बसू, अंबर नारायण आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी बांगलादेशातील कुटुंबे अभ्यासली. साक्षराच्या घरातील निरक्षरांची शेतीबाहेरची कमाई अधिक आढळली, आणि हा लाभ स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त उचलतात असे दिसले.

म्हणून आपल्या मोहल्ल्यात प्रथम कोरी घरे शोधली पाहिजेत. पण 'घरात एक शिकली, पुरे झाले' असे मात्र कुणी म्हणू नये. कोकणातल्या कितीतरी बायकांनी आखातातून आलेले नवऱ्याचे पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकले, आणि मनातले उत्तर मनातच ठेवले. वाचून दाखवणारी लेक निकाह होऊन सासरी गेली, की उसनी साक्षरताही तिच्याबरोबर उंबरा ओलांडते. 1911 ची ती कसोटी आजही खरी आहे: पत्र ज्याचे, त्यालाच ते वाचता यावे.