संगीत विषय नसतानाही कॉलेजच्या वाद्यवृंदात वाजवता येतं का?

हो, येतं. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला बीकॉमचा किंवा बीएस्सीचा विद्यार्थीही विद्यापीठाच्या मंचावर संबळ वाजवू शकतो. त्यासाठी संगीताची पदवी लागत नाही.

मंच कोणता?
जिल्ह्यातली कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर 2003 पासून होणाऱ्या 'इंद्रधनुष्य' या राज्यस्तरीय महोत्सवात आणि पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात संधी मिळते. तिथे 'लोकवाद्यवृंद' ही स्वतंत्र स्पर्धा असते.

नियम काय?
राष्ट्रीय महोत्सवाच्या नियमांनुसार संघात जास्तीत जास्त 12 विद्यार्थी असतात आणि सादरीकरण 10 मिनिटांत संपवावं लागतं. स्पर्धक नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी हवा आणि वय 25 च्या आत हवं. तो कोणत्या शाखेत शिकतो, याची अट नाही.

वाजवायला शिकतात कुठे?
बहुतेकदा गावातच. भजनी मंडळात पखवाज, गोंधळात संबळ, जागरणात दिमडी आणि तुणतुणं, मिरवणुकीत हलगी. संगमनेर तर तमाशाचं जुनं केंद्र. पवळा हिवरगावकर याच तालुक्यातल्या. त्यामुळे ढोलकीचा कान इथे अनेकांना घरातूनच मिळतो.

मग कॉलेजात नवीन काय?
एकत्र वाजवणं. पेटीचे सूर ठरलेले असतात, म्हणून बाकीची वाद्यं तिच्या सुरात लावावी लागतात. हलगी सैल पडली की शेकून ताणावी लागते. आणि सर्वात अवघड म्हणजे दुसऱ्याचं वाजवणं सुरू असताना थांबणं. गावच्या मिरवणुकीत जोर लागतो, इथे मोजकेपणा.

अभ्यासाचं काय?
खरी ओढाताण इथेच होते. सराव आणि प्रॅक्टिकल एकाच वेळी आले, तर सुट्टी मागावी लागते. गावाकडे जाणारी शेवटची एसटीही गाठायची असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रम उपक्रमांना क्रेडिट आहेत आणि सादरीकरणाच्या कला त्यात येतात. वाद्यवृंदातला सहभाग त्यात धरला जाईल का, हे कॉलेजात आधीच विचारून घ्यावं.

सुरुवात कुठून करायची?
कॉलेज सुरू होताच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. वाद्य घरचं असेल, तर सोबत घेऊन जा.