ठसा : संशयाचा आणि विश्वासाचा

22 जून 2024 रोजी दिल्ली विमानतळावर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये तो मुंबईतही आला. आमच्या भवानी पेठेतून परदेशी जाणाऱ्यांनाही त्यासाठी तेच कागद जुळवावे लागतात : किमान सहा महिने मुदतीचा पासपोर्ट, फोटो, सध्याच्या पत्त्याचा पुरावा. शेवटी बोटांचे ठसे आणि चेहरा. मग इमिग्रेशनची लांब रांग टळते.

ही यादी वाचताना मला सोलापूरची सेटलमेंट आठवते. 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. पुढे 1911च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या कुणाचेही ठसे घेण्याची मुभा सरकारला दिली. गुन्हा घडलेला असण्याची अट नव्हती, जन्म पुरे होता. कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. रोजची हजेरी होती, बाहेर जायला पास लागे.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. कुंपण गेले, कागदाचा प्रश्न उरला. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी आज 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. भटकणाऱ्या आजोबांचा पत्ता कोण देणार? ज्या दफ्तराने त्यांना संशयित म्हणून नोंदवले, त्याच काळच्या दफ्तरात नातवाला त्यांचे नाव शोधावे लागते. विमानतळावरचा ठसा प्रवासी आपण होऊन देतो; सेटलमेंटमध्ये तो मागून घेतलेला नव्हता.