पेटाऱ्यांतला पहिला मानकरी

विषारी सर्प मुद्दाम बाळगावयाचा झाल्यास पहिला कोणता निवडावा, हा प्रश्न एखाद्या छांदिष्टाचा वाटेल. परंतु सर्पदंशावरील औषधाच्या इतिहासांत या निवडीला प्राणाचें मोल आलें.

गारुड्यांनीं आपली निवड फार पूर्वींच केली. पेटाऱ्यांत मान नागाचा! तो फणा उभारून आधीं इशारा देतो, आणि लोकांच्या मनांत त्याला देवाचें स्थान. मण्यार दिवसा निपचित पडते व रात्रीं दुसऱ्या सापांनाच गिळते. फुरसें तर जेमतेम हातभर. खेळाला त्यांचा काय उपयोग? मात्र गारुडी बहुधा नागाचे विषदंत मोडीत, आणि असला नाग संशोधकाच्या कामाचा नव्हे.

संशोधकांची सुरुवातही नागापासूनच झाली, ती मात्र योगायोगानें. १८९१ च्या पावसाळ्यांत सायगांवच्या दक्षिणेकडील एका खेड्यांत नागांचा सुळसुळाट होऊन चाळीस जणांना दंश झाला व चौघे दगावले. तेथल्या गारुड्यानें जिवंत धरलेले एकोणीस नाग पिंपांत भरून काल्मेत नांवाच्या फ्रेंच डॉक्टराकडे पोंचविण्यांत आले. त्या विषाच्या वाढत्या मात्रा जनावरांना टोचून त्यानें पुढें पहिलें प्रतिविष सिद्ध केलें, आणि तें सर्वच सर्पांवर चालेल असें मानलें.

हें मानणें धोक्याचें होतें. मुंबईंत हाफकिन यांनीं १८९६ सालीं काढलेली प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्यें परळच्या जुन्या राजभवनांत आली. तिच्याशीं संबंधित जॉर्ज लॅम्ब या लष्करी डॉक्टरानें नागासोबत घोणशीच्याही विषाचा अभ्यास केला. नागाचें विष मज्जातंतूंवर चालतें आणि श्वास कोंडतो. घोणशीचें रक्त बिघडवितें. काल्मेतची लस घोणशीपुढें निष्प्रभ ठरली. एकाच सर्पावर सारी भिस्त ठेवली, तर दुसऱ्याचा डसलेला माणूस औषध टोचूनही मरावयाचा!

आमच्या किनवटकडे सागवानाच्या रानांत किंवा पैनगंगेकांठच्या शेतांत रात्रीं पायाला कांहीं डसलें, तर तें कोणतें होतें हें सांगणार कोण? कसौलीच्या संस्थेनें प्रथम नाग व घोणस या दोहोंवरील लस केली. पुढें हाफकिन संस्थेनें मण्यार व फुरसें यांचीही भर घातली. सरकारी दवाखान्यांत आज मिळते ती हीच चौघांवरील लस. मला तर मण्यारीला मिळालेलें स्थान विशेष वाटतें. तिचा दंश दुखत नाहीं, झोंपलेल्याला पत्ताही लागत नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घरीं नाग बाळगणें गुन्हा झाला. लसीसाठीं लागणारें बरेंचसें विष आज तामिळनाडूंतील इरुळा लोकांची सहकारी संस्था पुरविते; ती १९७८ सालीं निघाली. पूर्वीं हेच लोक कातड्यासाठीं साप मारीत. आतां ते चारही जातींचे साप कांहीं आठवडे मातीच्या मडक्यांत ठेवतात, विष काढून घेतात आणि पुन्हा रानांत सोडतात. फुरशाकडून एका वेळीं मिळतें तें विष नागाच्या मानानें अगदींच थोडें. त्यामुळें तीं मात्र पुष्कळच धरावीं लागतात.