कार्यक्रमाचे तिकीट आणि ग्राहकाचे हक्क (महापे व नवी मुंबई)

नाटक, मैफल किंवा संगीताच्या जाहीर कार्यक्रमाचे तिकीट काढणारा प्रेक्षक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक ठरतो. त्याने ज्या नातेवाइकासाठी वा मित्रासाठी तिकीट काढले, तोही ग्राहकच. धंदा म्हणून तिकिटे उचलून चढ्या भावाने विकणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.

महाप्यासारख्या नोकरदारांच्या ठिकाणी या कायद्यातली एक तरतूद फार उपयोगाची आहे. १९८६च्या कायद्यात तक्रार विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा जिथे प्रकार घडला तिथे करावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथेही ती करता येते. त्यामुळे महाप्यातल्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये कामाला येणारा माणूस कुर्ल्यात राहत असला, तरी ठाणे जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

कार्यक्रम रद्द होऊनही पैसे न मिळणे, प्लॅनवर निवडलेली खुर्ची प्रत्यक्षात न मिळणे ही सेवेतील त्रुटी होय. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी एकतर्फी अट अन्याय्य करार ठरू शकते, पण तसा दावा जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही. त्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. अडीच हजारांच्या तिकिटासाठी ही पायपीट सामान्य माणसाला परवडणारी नाही. सेवेतील त्रुटी म्हणून जिल्ह्यातच तक्रार करणे जास्त व्यवहार्य.

ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांवर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘शेवटची दोनच तिकिटे’ अशी खोटी घाई, न विचारता बिलात घुसवलेली देणगी, पैसे भरताना अचानक वाढलेली किंमत हे सारे त्यांत निषिद्ध आहे. सुविधा शुल्क मात्र त्यामुळे बेकायदा ठरत नाही. चित्रपटगृहांना ते घेण्यास मनाई करणारे राज्य सरकारचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले.

कायद्याची मोठी उणीव उघडी पडली ती नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमांच्या वेळी. २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर विक्री सुरू होताच लाखो लोक ऑनलाइन रांगेत अडकले. मूळ तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. ती इतर संकेतस्थळांवर लाखांत दिसू लागली. बुकमायशोने पोलिसांकडे तक्रार केली, आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. ज्याला तिकीटच मिळाले नाही त्याने पैसे मोजलेले नसतात, त्यामुळे सेवेतील त्रुटी दाखवणे त्याला अवघड जाते. खरा अन्याय त्याच्यावरच झालेला असतो. या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी फेटाळली. नियम करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.