नाणं टाका, दिवा लागेल

आमच्या चिरंजिवांनी पन्नाशी गाठली. या वयात आमच्या आळीतले लोक एकतर सत्यनारायण घालायचे, नाहीतर कंबरेला पट्टा लावायचे. आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात, सनीव्हेल गावी, गॅरेजमध्ये प्लायवूडचं पुरुषभर उंचीचं कपाट उभं करून त्याला बटणं बसवत होते. मोटार बाहेर उन्हात. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी त्याला सांगा काहीतरी." मी सांगायला म्हणून आत गेलो आणि चार तासांनी बाहेर आलो. दोष सगळा सोल्डरच्या वासाचा. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला तो वास म्हणजे माहेरची हाक.

ते कपाट म्हणजे व्हिडिओ गेमची पेटी, पार्लरमध्ये असायची तशी. अशी एक पेटी आम्हा दोघांच्या मध्ये चाळीस वर्षं उभी होती. १९८५ साली डोंबिवलीत स्टेशनजवळ एक पार्लर होतं, रुपयाला एक डाव. शाळेच्या सहलीचे पंधरा रुपये घेऊन चिरंजीव सहलीला न जाता तिथे गेले. मी कान धरून घरी आणलं, आणि सगळ्या आळीनं ती वरात पाहिली. पुढे महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलला, पण त्या विषयावर कधीच नाही. मीही नाही.

माझ्या बाजूनं इतिहास होता, हे सांगायला हवं. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली शहरात पिनबॉलवर बंदी घातली. ही यंत्रं शाळकरी पोरांचे पैसे खातात, असं त्यांचं म्हणणं. हातात घण घेऊन त्यांनी स्वतः यंत्रं फोडली, फोटोही काढून घेतले. बंदी उठली १९७६ साली. मी तर नुसता कान धरला होता.

पण सनीव्हेलला हा पक्ष मांडण्यात अर्थ नाही. ते गाव म्हणजे या पंथाची आळंदी. १९७२ साली इथल्याच अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये अटारी कंपनीनं 'पाँग'ची पहिली पेटी ठेवली. काही दिवसांनी पेटी बंद पडल्याची तक्रार आली. ती बनवणारा अ‍ॅल अल्कॉर्न बघायला गेला, तर बिघाड काहीच नाही. नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता! आमच्या खात्यात इतक्या तक्रारी आल्या, पण असली सुखाची एक नाही.

'पाँग'ला नुसत्या दोन फिरत्या मुठी होत्या. बटणांचं खरं राज्य १९७९ च्या 'अ‍ॅस्टरॉइड्स'मध्ये. दांडा नाही, पाचच बटणं: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे चला, गोळी झाडा, आणि अगदीच गळ्याशी आलं तर अंतर्धान पावा. (या पाचव्या बटणाची गरज संसारात जास्त आहे.) ही पाचही अंधारी. उजेड फक्त 'सुरू करा'च्या दोन बटणांना, आणि तोही नाणं पडल्यावर. नाणं पडलं की ती लुकलुकायची. पैसे मोजल्याशिवाय दिवा नाही, हे तत्त्व आमच्या वीज मंडळाला पटण्यासारखं आहे.

चिरंजिवांना हुबेहूब तसंच हवं होतं. पेटीत जुना संगणक. त्यात 'मेम' नावाची प्रणाली, निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनी १९९७ साली आणलेली. ती जुन्या यंत्रांची नक्कल इतकी इमानानं करते, की नाणं पडलं की कीबोर्डवरचे नम लॉक आणि कॅप्स लॉकचे दिवे लुकलुकतात. पठ्ठ्यानं एक जुना कीबोर्ड फोडून त्या दिव्यांच्या तारा बटणांकडे वळवल्या होत्या. कल्पना झकास, पण उजेड नाही. काजवासुद्धा लाजेल इतका मिणमिणाट.

"एलईडी खराब आहेत, बाबा."

"अरे, रेझिस्टर कुठला लावलास?"

"३३० ओहम. पाच व्होल्टला तोच लावतात."

"आणि कीबोर्डच्या आत आधीच एक असेल तो?"

तो गप्प. आत खरोखरच होता. म्हणजे दोन दोन रेझिस्टर. आमच्या घरातही करंट असाच अडला होता, पण ते मी बोललो नाही. बाहेरचा काढला, तशी बटणं लखलखली.

मग रंगावरून वाद. त्याला एक बटण निळं हवं. लाल एलईडी निक होलोनियाकनं १९६२ सालीच दाखवला होता. लखलखीत निळा जपानच्या शुजी नाकामुरांना साधला १९९३ साली. २०१४ चं नोबेल उगाच नाही मिळालं, आकासाकी आणि अमानोंबरोबर. तेव्हा १९७९ च्या पेटीला निळा एलईडी म्हणजे ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ! दोन्ही लालच राहिले.

आता नाणं. चिरंजिवांनी ड्रॉवरमधून एक नाणं काढलं. आपला रुपया, जुना, १९८५ च्या आधीचा.

"हा कुठून आणलास?"

"पंधरातला उरलेला. तुम्ही कान धरलात तेव्हा मुठीत होता."

मी चष्मा पुसला. तो वारंवार पुसावा लागतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर.

रुपया फटीत जाईना. त्यांचं क्वार्टर २४ मिलिमीटरच्या जरासं वर, आपला रुपया २६. शेवटी त्यानं नाण्यांचं दार उघडलं आणि आतली बारीक पत्र्याची पट्टी दाखवली. नाणं पडताना हीच दाबली जाते म्हणे.

"बाबा, तुम्ही दाबा."

मी दाबली. एक नंबरचं बटण लुकलुकायला लागलं. मी पुन्हा दाबली, तसं दुसरंही. आत सूनबाई पानं घेतल्याची हाक मारत होती. तो म्हणाला, "पाळीपाळीनं खेळायचं असतं. पहिले तुम्ही."