तटस्थ बेट आणि युद्धाचा खेळ

योहान हॉयझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण म्हणून स्वेच्छेचा निर्देश केला. आज्ञेवरून खेळला जातो तो खेळ उरत नाही, ही त्यांची भूमिका. ती मान्य केल्यास तटस्थतेची व्याख्या खेळाच्या परिभाषेत करता येते : तटस्थता म्हणजे डावात उतरण्यास दिलेला नकार. दुसऱ्या महायुद्धावरील व्हिडिओ गेम्सच्या संहितेत या नकाराचे काय होते, हे आइसलंडच्या संदर्भात तपासण्याजोगे आहे.

डेन्मार्कच्या राजाला मानणारे सार्वभौम राज्य म्हणून १९१८ साली आइसलंड अस्तित्वात आले, ते कायमची तटस्थता घोषित करूनच. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. महिनाभराने, १० मे रोजी पहाटे, ब्रिटिश सैनिक रेक्याविकच्या बंदरात उतरले. देशाला सैन्यच नसल्याने प्रतिकाराचा प्रश्न उद्भवला नाही. पंतप्रधान हेर्मान योनासन यांच्या सरकारने निषेध नोंदविला. त्याचबरोबर सैनिकांना पाहुण्यांप्रमाणे वागविण्याचे आवाहन नागरिकांना केले. जुलै १९४१ मध्ये अमेरिकी सैन्य आले, तेव्हा अमेरिकाही युद्धात उतरलेली नव्हती.

निषेध आणि आतिथ्य यांचे हे सहअस्तित्व हाच या व्याप्त जीवनाचा गाभा होय. सैन्याच्या कामांमुळे रोजगार वाढला आणि लोकभाषेत युद्धाला ‘धन्य’ हे विशेषण लागले. दुसरीकडे, सैनिकांशी स्त्रियांच्या असलेल्या संबंधांना ‘परिस्थिती’ असे सूचक नाव मिळाले. तरुण मुलींवर पाळत ठेवली गेली आणि १९४२ साली त्यांपैकी काहींना क्लेप्प्यार्न्सरेक्यिर येथील सुधारगृहात ठेवण्यात आले. परकी सत्तेविरुद्धचा क्षोभ असा स्वकीय स्त्रियांकडे वळला.

‘बॅटलफिल्ड १९४२’ (२००२) या खेळात दोन पक्ष निशाणांची ठाणी जिंकत जातात. तेथे ‘तटस्थ’ हा शब्द आहे. पण त्याचा अर्थ ‘अद्याप कोणी न जिंकलेले ठाणे’ एवढाच. नकाराचे रूपांतर रिक्ततेत झालेले आहे. त्याच वर्षीच्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न’मध्ये राष्ट्रे नकाशावरील प्रांतांच्या रूपात येतात, प्रांत ताब्यात जातो, पण घरातील संवाद बदलत नाही. हे दोन्ही खेळ त्या युद्धात तटस्थ राहिलेल्या स्वीडनमध्ये निर्माण झाले, हा विरोधाभासही लक्षणीय आहे.

नागरिकांचे चित्रण या माध्यमाला अशक्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) हा पोलिश खेळ वेढ्यात सापडलेल्या नागरिकांचाच आहे. परंतु तेथेही तगणे अथवा मरणे हे निकाल शिल्लक राहतात. लढाईविना व्यापलेल्या बेटावर निकालच नसतो; असते ती केवळ तडजोड, आणि तिचे मोल सर्वांना सारखे पडत नाही.

मराठी मुलांच्या खेळातील ‘लिंबूटिंबू’ मोजला जात नाही, तरी तो हौसेने डावात असतो. व्याप्त तटस्थ बेटाची गत नेमकी उलट : त्याला खेळायचे नसते, आणि तरीही त्याला मोजले जाते. हा उलटा न्याय ज्या संहितेला दिसत नाही, तिने युद्धाचे डावपेच कितीही अचूक मांडले, तरी युद्धाचा इतिहास तिच्या हाती लागलेला नसतो.